वद्य पंचमीचा बोजा

माझं घर मुलीच्या नावावर करायला गेले, तेव्हा मला कळलं की त्या घरावर आणखी कोणाचा तरी हात आहे.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी आणि माझी विद्युल्लता काशीच्या रजिस्ट्री कचेरीत गेलो होतो. विद्युल्लता मुलींच्या शाळेत शिकवते. तिचा नवरा गेल्यापासून माझ्याजवळच आहे. माझ्या माघारी पुण्याचे पुतणे येऊन तिला बाहेर काढणार, हे मी त्यांच्या पत्रांवरूनच ओळखलं होतं. ज्यांनी पाच वर्षांत एक ओळ पाठवली नाही, ते आता दर महिन्याला माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होते. माझ्या गुडघ्यांशी त्यांना काय करायचंय? म्हणून म्हटलं, डोळे उघडे आहेत तोवर बक्षीसपत्र करून टाकावं.

कारकुनानं मोठं बाड काढलं, पानं उलटली आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "माताजी, मकान आपका ही है, पर इस पर बोझ चढ़ा हुआ है."

"कसला बोजा? मी वर मजलाबिजला काही चढवलेला नाही."

विद्युल्लतेनं ते बाड आपल्याकडे वळवून घेतलं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "आई, आपल्या गल्लीच्या मंडळानं दोन वर्षांमागे नोंद केलीय. आपली वर्गणी थकलीय म्हणे. दंडासकट पाऊणशे रुपये. ते फिटेपर्यंत घर ज्याच्या नावावर जाईल त्याच्या गळ्यात हा बोजा जाणार. आणि मंडळानं दावा लावला तर घराचा लिलावसुद्धा होऊ शकतो."

मी कारकुनाला विचारलं, "तुला मंडळाच्या त्या वेणीमाधवानं किती दिले?"

त्या बिचाऱ्याला मराठी समजत नव्हती म्हणून तो वाचला. विद्युल्लतेनं मला हाताला धरून बाहेर आणलं.

आता हे मंडळ काय ते सांगते. दूधविनायकाजवळच्या आमच्या गल्लीत अकरा घरं, करार झाला तेव्हा सगळी आपल्या मराठी लोकांची. गल्लीचं फाटक, फाटकावरचा पहारेकरी, दिवाबत्ती, विहिरीचा उपसा, फरशी आणि मोरी, हे सगळं अकरा घरांनी मिळून करायचं. त्यासाठी दर घरानं वर्षाला नऊ रुपये द्यायचे. सतरा वर्षांमागे तसा करार झाला, रजिस्टर झाला. करार लिहिला माझ्या यजमानांनी. आणि त्यातलं सगळ्यांत तिखट कलम घालायला लावलं ते मी, दाराआडून.

त्या वेळी आमच्याच गल्लीतल्या सीतेच्या सासऱ्यांनी दोन वर्षं एक पैसा दिला नव्हता, आणि विहिरीवर पहिली घागर मात्र त्यांची. मी यजमानांना म्हटलं, "नुसतं द्या द्या म्हणून कोण देतो? जो देणार नाही त्याच्या घरालाच दोरी बांधा." म्हणून त्यांनी लिहिलं: भाद्रपद वद्य पंचमीपर्यंत ज्याची वर्गणी येणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. पैसे आले की ते आधी दंडात धरायचे, उरतील ते वर्गणीत. आणि जी बाकी राहील तिचा बोजा त्या घरावर, मग घर कोणाच्याही हाती जावो. यजमानांनी हे मला वाचून दाखवलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आपल्या बोलण्याचा कायदा झालेला किती बायकांनी पाहिला असेल?

आणि मी थकबाकीदार? मी दर वर्षी न चुकता त्याच पंचमीला नऊ रुपये हातात मोजून दिलेले आहेत. एक दिवस उशीर नाही. एक दिवस आधीही नाही, कारण माझे पैसे त्यांच्या पेटीत उगाच का झोपवायचे? यजमान गेल्यापासून बाकीची घरं श्रावणातच देऊन मोकळी होत. श्रावणात पारायणांची दक्षिणा येते, खिसा गरम असतो, म्हणून देतात. मी मात्र शेवटच्या दिवशी, ऐटीत.

तेव्हा यात कोणाचं तरी कपट होतं. प्रश्न एवढाच की कोणाचं.

पहिला संशय वेणीमाधवावर. तो मंडळाचा प्रमुख. माझ्या गच्चीवरून अमृतराव घाटापर्यंतची गंगा दिसते. ती गच्ची त्याच्या डोळ्यांत केव्हापासून होती. "वहिनी, एवढ्या पायऱ्या तुम्हाला झेपतात का हो?" असं तो वर्षातून दोनदा विचारायचा. पुतण्यांना गुडघे, याला पायऱ्या.

त्याच दिवशी दुपारी मी त्याच्या बैठकीत जाऊन उभी राहिले.

"या वहिनी, बसा. पन्हं घेणार?"

"या दिवसांत पन्हं? कैऱ्या काय मंडळाच्या वर्गणीतून साठवल्यात?"

तो हसला. हसणारा माणूस काहीतरी लपवत असतो. मी बोज्याचं विचारलं तेव्हा तो जराही दचकला नाही, हेही मी टिपून ठेवलं.

"वहिनी, हिशेब मुंशीजी ठेवतात. मी नुसता सही करणारा. तुम्हाला दर वर्षी चिठ्ठ्या गेल्या, तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

"त्या चिठ्ठ्या? त्या मंडळाच्या होत्या?"

चिठ्ठ्या आल्या होत्या, हे खरं. पण मुंशीचं अक्षर कैथी, इकडच्या कारकुनांची लिपी. मला आपलं बाळबोध तेवढं येतं, तेही बोट ठेवून. ती किड्यामुंग्यांची रांग मला कुठून लागणार? आणि घरातले कागद दुसऱ्याला दाखवायची माझी रीत नाही, अगदी मुलीलासुद्धा. मला वाटायचं, मुंशी सणाची बक्षिसी मागतोय. मी त्या लोणच्याच्या बरण्यांखाली घातल्या.

वेणीमाधव म्हणाला, "आता दिवाळीची सुट्टी संपली की वकील दावा लावणार. माझ्या हातात काही नाही. पण पाऊणशे भरलेत तर बोजा उतरेल. किंवा मागचा अर्धा भाग आणि गच्ची जर..."

"गच्ची! आलं बरं तोंडात!" मी उठले. "भाऊजी, पाऊणशे रुपये माझ्या पाटल्यांच्या एका जोडीत निघतील. पण जे मी देणं लागत नाही ते दिलं, तर मी चोर ठरले. पाटल्या जातील आणि नावही जाईल."

घरी आल्यावर विद्युल्लता म्हणाली, "आई, देऊन टाकू या ना. मेरी तनख्वाह से कट जाएगा धीरे-धीरे. फुकटची झंझट."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. हिला एवढी घाई कसली? घर हिच्या नावावर व्हायचंय म्हणून? खरं सांगते, पोटच्या पोरीबद्दल असं मनात आलं, आणि लगेच गेलंही नाही. दोन दिवस माझ्याबरोबर जेवलं.

चौथ्या दिवशी मी मुंशीच्या घरी गेले. मुंशी जगदंबालाल सात वर्षांपूर्वी मंडळाकडे लागला. त्याच्या आधी आपल्यातलेच एक जोशी वही ठेवत. मुंशी घरात बैठ्या मेजावर वही मांडून बसला होता आणि अंगणात त्याची बायको मातीचे तोटीचे करवे रंगवत होती.

"माँजी, आप?" मुंशी उठून उभा राहिला. अदब मात्र होती. अदबीचा माणूस मला आणखीच संशयास्पद वाटतो.

"वही दाखव. माझं पान."

त्यानं वाचून दाखवलं. त्यानं वही घेतल्यावरच्या पहिल्या भाद्रपदाचे माझे नऊ रुपये आले, पण एक महिना उशिरा. म्हणून एक रुपया दंडात गेला, आठ वर्गणीत. एक रुपया बाकी. ती एक रुपयाची बाकी बसली वर्षभर, तिच्यावर महिन्याला एक रुपया दंड. दुसऱ्या वर्षी माझे नऊ आले ते सगळे दंडानंच गिळले. मग तिसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी, तसंच. मी देत होते आणि ते दंडाच्या तोंडात पडत होते. वर्गणी आपली कोरडीच.

"महिना उशिरा?" मी ओरडलेच. "मी पंचमीला दिलेत! तूच घेऊन गेलास!"

"पंचमी को ही दिया, माँजी. मगर महीने भर बाद वाली पंचमी को. लिखा तो भादों बदी पंचमी है."

मी म्हटलं, हा मला बाई समजून खेळवतोय. मी त्याला चार शब्द सुनावणार, तेवढ्यात त्याच्या बायकोनं रंगवलेला करवा माझ्यापुढे धरला. गोड बाई. म्हणाली, "अम्माजी, आज कातिक की चौथ है न, करवा चौथ. आपके यहाँ नहीं होती?"

मी सवयीनं म्हटलं, "आमच्यात नाही. आणि कार्तिक कसला, आमचा अजून आश्विन चाललाय."

बोलले आणि तशीच थांबले.

चाळीस वर्षं मी काशीत आहे. या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, हे मला काय ठाऊक नाही? म्हणून तर वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक घर पुढे असतो. त्यांची चौथ कार्तिकात, तीच आपली आश्विनात. चाळीस वर्षं शेजारणींशी यावरून थट्टा केली. पण माझ्या घराला बांधलेली दोरी याच खुंटीला आहे, हे कधी डोक्यात आलं नाही.

मी मुंशीला विचारलं, "तुझी भादों बदी पंचमी कधी येते?"

"राखी के पाँच दिन बाद, माँजी."

राखीनंतर पाच दिवसांनी! म्हणजे आपल्या श्रावणात. आमची भाद्रपद वद्य पंचमी पितृपक्षात. मध्ये अख्खा महिना. मुंशीनं काम हाती घेताना करार उतरवला आणि आपल्या हिशेबानं तारीख धरली. बाकीचे श्रावणातच पैसे टाकून मोकळे होत, म्हणून कोणाला कळलं नाही. शेवटच्या दिवशी ऐटीत देणारी मी एकटी.

एकटी? मुंशीकडून परतताना मला सीता आठवली.

बरोबर तीन वर्षांपूर्वी सीतेच्या घराचा लिलाव झाला होता. तिचा सासरा गेलेला, नवरा गेलेला, ती एकटी त्या घरात. चौकातल्या एका साडीवाल्यानं घर घेतलं. लिलावाच्या आधी ती माझ्याकडे आली होती, हातात एक कागद. म्हणाली, "काकू, एवढं कोणाकडून वाचून घेता का? मी पैसे दिलेत हो." आणि मी काय म्हटलं होतं ते मला शब्दाला शब्द आठवत होतं: "वेळेवर दिले असतेस तर कागद आला असता का?" मग मी दार लावलं होतं. मला वाटलं, सासऱ्याचीच सून.

ती आता मंगला गौरीजवळ एका खोलीत राहत होती, देवळात वाती वळून देत होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं पोचले. पायऱ्या उतरून, चढून माझे गुडघे खरंच दुखायला लागले. पुतण्यांचं ऐकलं देवानं.

सीता वाती वळत होती. मला बघून तिनं मांडीवरचा कापूस बाजूला केला, बसायला पाट दिला. रडली नाही, रागावली नाही. तेव्हा मला क्षणभर तिचाही संशय आला. जिचं घर गेलं ती इतकी शांत कशी?

"सीते, तू वर्गणी कधी भरायचीस?"

"पंचमीला, काकू."

"कुठल्या? श्रावणातल्या की पितृपक्षातल्या?"

"पितृपक्षातल्या. तुम्ही भरायचात त्याच दिवशी." ती वात वळत म्हणाली, "मला तिथीचं काय कळतं? सासरे गेल्यावर मी ठरवलं, काकूंचं घर मानाचं, काकूंचं कधी काही चुकत नाही. त्या भरतील त्या दिवशी आपण भरावं. पहाटे खिडकीत बसून राहायची मी. मुंशीजी तुमच्या दारातून निघाले की त्यांना हाक मारायची."

मी बाजूचा कापूस ओढून एक वात वळली, ती वाकडी झाली.

एकच गोष्ट वेगळी होती. माझ्या घराला हात लावायला मंडळ सात वर्षं कचरलं, तिच्या घराला चौथ्या वर्षीच उचललं.

त्या रविवारी वेणीमाधवाच्या बैठकीत अकरा घरांची सभा मी भरवायला लावली. बायका दाराआड बसायच्या. मी सतरंजीच्या मधोमध बसले. मुंशी वही घेऊन कोपऱ्यात. मूळ करार, यजमानांच्या हातचा, वेणीमाधवाच्या पेटीतून काढून समोर ठेवायला लावला.

मी विचारलं, "भाऊजी, करारात ही पंचमीच का धरली?"

"का म्हणजे? तशी ठरली."

"मी सांगते. त्या दिवशी माझ्या सासऱ्यांचं श्राद्ध. यजमान होते तेव्हा तुम्ही सगळे पुरुष आमच्याकडे जेवायला असायचात. जेवण झालं, विडा झाला, की तिथंच बसून वर्गणी गोळा व्हायची. बाहेर पडायच्या आधी पैसे निघावेत म्हणून ती तिथी. बरोबर?"

दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एक दत्तात्रेय म्हणून आहेत, ते म्हणाले, "वड्या काय असायच्या हो वहिनी तुमच्याकडच्या!"

"वड्या राहू द्या. एवढंच सांगा, ते श्राद्ध तुम्ही राखीनंतर पाच दिवसांनी जेवलात का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. राखीनंतर श्राद्ध कोण घालतो? मुंशीनं आपला पत्रा, म्हणजे त्यांच्याकडचं पंचांग, काढला, दत्तात्रेयांनी आपलं पंचांग. दोन्ही शेजारी ठेवली. मुंशीचा चेहरा पांढरा पडला. "हमसे भूल हो गई, माँजी," तो म्हणाला. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं की तो खरं बोलत होता. म्हणजे बहुतेक.

वेणीमाधव मात्र फार चटकन सावरला. "अरेच्चा! एवढाच घोळ होता होय? वहिनी, आत्ताच्या आत्ता तुमचा बोजा उतरवतो." त्यानं कागद पुढे ओढला, भराभरा लिहिलं, आणि माझ्यापुढे सरकवला. "सही करा. उद्या रजिस्ट्रीत देऊ. दिवाळीआधी घर विद्युल्लतेच्या नावावर."

विद्युल्लता दारात उभी होती. तिचे डोळे मला दिसत होते. मला फक्त सही करायची होती.

मी कागदावर बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर वाचायला लागले. सगळे थांबले. कोणीतरी जांभई दिली. मी वाचतच राहिले. कागदावर लिहिलं होतं: वर्गणी व दंड भरून पावला, सबब बोजा उतरवला.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "दंड मी देणं लागतच नव्हते. 'भरून पावला' नको. 'तिथी चुकीची धरल्यामुळे बोजा चुकून लावला,' असं लिहा."

"शब्दांत काय आहे वहिनी? बोजा उतरल्याशी मतलब."

"शब्दांत सीता आहे."

वेणीमाधवाचं हसू पहिल्यांदा उतरलं. चूक एकदा मंडळाच्या सहीनं कागदावर आली की सीता तोच कागद घेऊन कोर्टात जाणार, हे त्याला माझ्या आधी कळलं होतं. केव्हापासून कळलं होतं, ते मी विचारलं नाही.

तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तसं लिहिलं तर मंडळ बुडेल. मंडळ तसं लिहिणार नाही. हा कागद घ्या, नाहीतर दावा ठरलेलाच आहे. मुलीचा विचार करा."

मी पुन्हा दाराकडे पाहिलं. विद्युल्लतेनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला लांबून कळेना. चष्मा घरी राहिला होता. मग ती चांगल्या मोठ्या मराठीत म्हणाली, "आई, सही करू नकोस."

त्या मुलीवर मी दोन दिवस संशय घेतला होता.

मी कागद परत सरकवला आणि बाकीच्यांकडे वळले. "ठीक. माझं मी बघेन. पण तुम्ही सगळे श्रावणातच देता ना? सातही वर्षं? एकदाही आजारपण नाही, गावाला जाणं नाही, राखीनंतर दहा दिवसांनी दिले असं कधीच नाही? एकदा एक रुपया बाकी राहिला की तो कसा पिल्लं घालतो ते मी पाहून आलेय. मुंशीजींची वही इथंच आहे. ज्याला घरी निवांत झोप लागते त्यानं बघू नये."

आयुष्यभर जो संशय मी जपून एकटीसाठी ठेवला होता, तो त्या दिवशी सगळ्यांना वाटून टाकला. आधी दत्तात्रेय उठले. मग आणखी दोघं. मग वहीभोवती अशी गर्दी झाली की मुंशी दिसेना. दत्तात्रेयांच्या पानावर सव्वीस रुपये निघाले. आईच्या आजारपणात एकदाच उशीर झाला होता. ज्यांना वड्या आठवत होत्या ते वेणीमाधवावर असे गरजले की मलाही तो आवाज नवा होता. "लिहा! चुकून लावला असं लिहा! सगळ्यांचं लिहा!"

वेणीमाधवानं लिहिलं. सीतेचं नावही लिहिलं. मी ते बोट ठेवून दोनदा वाचलं, मग सही केली.

दिवाळीआधी घर विद्युल्लतेच्या नावावर झालं. बक्षीसपत्रात मी एक ओळ जास्तीची घातली, की खालच्या दोन खोल्या सीता जिवंत असेतो सीतेच्या. साडीवाल्यावरचा तिचा दावा चालू आहे. कोर्टाचं काय, आज पुढे, उद्या मागे. वकील मला बरा वाटत नाही, फार नमस्कार करतो.

सीता राहायला आली तेव्हापासून घरभर कापूस उडतो. मी तिला त्यावरून बोलते, ती ऐकून घेते, आणि तिच्या ऐकून घेण्याचाही मला राग येतो. यंदा श्रावण लागला तसं तिनं विचारलं, "काकू, घराची वर्गणी विद्युल्लता कधी भरणार? म्हणजे तुमचं बघून माझ्या खोल्यांचा वाटा मी..."

"सीते," मी म्हटलं, "यापुढे माझं बघून काही करू नकोस."